नोंदणीपत्रावरची 'मिडवाईफ' खरी करताना: प्रसूती आणि स्त्रीरोग शाखेत उतरणाऱ्या मुंबईच्या नर्सेससाठी

दरवर्षी निकाल लागले की दोन-तीन मुली हमखास विचारायला येतात, "सिस्टर, मला गायनॅकमध्येच काम करायचंय. कुठला कोर्स करू?" मी त्यांना आधी नोंदणीपत्र काढायला सांगते. जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलीची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद होते ती नर्स म्हणून आणि मिडवाईफ, म्हणजे प्रसूती करणारी परिचारिका, म्हणूनही. म्हणजे कागद हातात पडला त्या दिवशी ती बाळंतपण करायला पात्र ठरलेली असते. आणि त्याच दिवशी तिला कळा देणाऱ्या बाईजवळ एकटीला उभं केलं, तर बाळाचे ठोके मोजताना तिला स्वतःच्याच छातीतली धडधड ऐकू येते.

हे अंतर भरून काढणं म्हणजे आपल्याकडचं स्पेशलायझेशन. त्यात कोर्स आहेतच, पण ते बरेच पुढे येतात. आधी हात बसावा लागतो, आणि तो कुठे, कोणाजवळ, कोणत्या क्रमाने बसवायचा हे मुंबईसारख्या शहरात डोकं लावून ठरवावं लागतं. बरीच वर्षं लेबर रूममध्ये काढल्यावर मला जे समजलं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

पाया कोणता घ्यायचा

दारं तीन. एएनएम (सहाय्यक नर्स-मिडवाईफ) दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. पहिल्या दोन्हींना बारावीची कुठलीही शाखा चालते. बी.एस्सी.ला बारावी विज्ञान, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, आणि राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सरकारी आणि बहुतेक खासगी कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. चर्चगेटचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंग मात्र एसएनडीटी विद्यापीठाचं, १९६४ पासूनचं. नियम आणि तारखा बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. एजंटच्या तोंडावर विसंबू नका.

एएनएम झालेल्या ताया वस्तीपातळीवर फार मोलाचं काम करतात. पण पुढे या शाखेत एम.एस्सी.पर्यंत जायचं मनात असेल तर जीएनएम किंवा बी.एस्सी.च करा. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, त्यामुळे घरची अडचण म्हणून जीएनएम घेतलं तरी वाट बंद होत नाही.

एक इशारा मनापासून देते. 'सहा महिन्यांत नर्स' अशा पाट्या कल्याणपासून विरारपर्यंत दिसतात. त्या कोर्सवर कौन्सिलची नोंदणी मिळत नाही. नोंदणीशिवाय लेबर रूममध्ये उभं राहणं तुमच्यासाठी धोक्याचं, आणि पलंगावरच्या बाईसाठी त्याहून जास्त.

कॉलेज निवडताना विचारायचा प्रश्न

इमारत, वसतिगृह, फी सगळं पाहा. पण या शाखेची ओढ असेल तर एक प्रश्न नक्की विचारा: तुमच्या मुली लेबर रूमच्या पोस्टिंगला कुठे जातात, तिथे महिन्याला नॉर्मल डिलिव्हरी किती होतात आणि त्याच वेळी आणखी किती कॉलेजच्या मुली तिथे असतात?

मुंबईत या प्रश्नाला फार महत्त्व आहे. परळचं वाडिया प्रसूती रुग्णालय, सीएसएमटीजवळचं १८८६ सालचं कामा आणि आल्ब्लेस, केईएम, सायन, नायर इथे बाळंतपणं भरपूर. पण एका टेबलाभोवती निवासी डॉक्टर, इंटर्न आणि दोन-तीन कॉलेजच्या विद्यार्थिनी उभ्या असतात. त्या गर्दीत मागे उभी राहिलेली मुलगी पोस्टिंग संपेपर्यंत मागेच राहते. केसबुकमध्ये ठरलेल्या संख्येने तपासण्या, प्रसूती, नवजात बाळाची काळजी अशा नोंदी लागतात. त्या 'पाहिल्या'वर भरून सह्या घेण्याचा मोह होतो. तो टाळा. नाईट मागून घ्या. पहाटे तीनला गर्दी पांगलेली असते, सिस्टरलाही शिकवायला वेळ असतो, आणि ज्या मुलीने संध्याकाळपासून त्या बाईची पाठ चोळली, पाणी दिलं, तिलाच सिस्टर पुढे बोलावतात. माझी पहिली खरी डिलिव्हरी अशीच झाली.

पहिली नोकरी: मोठं हॉस्पिटल की छोटं प्रसूतिगृह?

या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक सीनियर आपापल्या अनुभवाने देते. मी म्हणेन, दोन्ही, पण मोठं आधी.

मोठ्या शिक्षण रुग्णालयात बाळ हातात घेण्याची संधी सिस्टरला कमी मिळते, कारण ते निवासी डॉक्टरांचं शिकण्याचं काम. पण अडलेली बाई, झटके आलेली बाई, वार अडकलेली, आधीच्या सीझरचा टाका उसवण्याच्या बेतात असलेली, असं सगळं तिथे येतं. शहरभरच्या प्रसूतिगृहांतून आणि जिल्ह्याबाहेरूनही रेफर होऊन येतं. दोन वर्षांत तिथे जे दिसतं ते इतरत्र दहा वर्षांत दिसत नाही. धोक्याचा चेहरा तिथे ओळखीचा होतो.

महापालिकेच्या प्रसूतिगृहात किंवा छोट्या नर्सिंग होममध्ये चित्र उलटं. बरीचशी नॉर्मल बाळंतपणं सिस्टरच्या हातची. तिथे हात तयार होतो आणि 'ही केस आपली नाही, आत्ताच वर पाठवा' हे ठरवायची जबाबदारीही अंगावर येते. ज्या मुलीने धोका आधी पाहिलेला असतो, ती हा निर्णय वेळेवर घेते. म्हणून मोठं आधी.

कॉर्पोरेट हॉस्पिटलात प्रसूती कन्सल्टंट करतात, सिस्टर देखरेख ठेवते. एपिड्युरल (कळा जाणवू नयेत म्हणून पाठीत दिलेलं औषध) घेतलेल्या बाईची काळजी, सीटीजीचा, म्हणजे बाळाचे ठोके आणि कळा नोंदवणाऱ्या यंत्राचा, आलेख वाचणं, कागदपत्रांची शिस्त या गोष्टी तिथे चांगल्या शिकायला मिळतात. पगाराची गरज असेल तर संकोच न करता जा, फक्त नॉर्मल प्रसूतीचा हात तिथे बसेल अशी अपेक्षा ठेवू नका. ब्रदर्सना, म्हणजे पुरुष नर्सेसना, बऱ्याच ठिकाणी लेबर रूमची पोस्टिंग देत नाहीत. त्यांनी नवजात शिशू अतिदक्षता किंवा गायनॅक ओटीच्या बाजूने या शाखेत यावं, तिथे त्यांना मागणी असते.

नोकरी लागली म्हणजे लेबर रूम मिळाली असं नाही. मेट्रन ऑफिसला लेखी अर्ज द्या, इन्चार्ज सिस्टरना सांगून ठेवा, आणि मेडिसीन किंवा सर्जरीला टाकलं तर तिथेही मन लावून काम करा. रक्तदाब, शुगर, हृदयाचे आजार असलेल्या गरोदर बायका आता इतक्या येतात की मेडिसीन वॉर्डातलं एक वर्ष वाया जात नाही.

क्रम: बाळंतिणीपासून मागे या

नवीन मुलींना थेट लेबर रूम हवी असते. मी त्यांना आधी पीएनसी, म्हणजे बाळंतिणींचा, वॉर्ड मागायला सांगते. बाळंतीण आणि बाळ, दोघं बरे असताना कसे दिसतात हे डोळ्यांत बसलं की बिघडलेलं चटकन कळतं. पोटावर हात ठेवल्यावर गर्भपिशवी क्रिकेटच्या चेंडूसारखी टणक लागली पाहिजे, मऊ लागली तर धोका, हे पुस्तकात एक ओळ असतं. पन्नास बायकांच्या पोटावर हात ठेवल्यावर ते बोटांत येतं.

इथेच स्तनपान शिका आणि नीट शिका. पहिल्या तासात बाळ छातीशी, चिकाचं दूध पहिलं. मध नाही, गुटी नाही, साखरपाणीही नाही. आजीबाईंना न दुखावता हे पटवणं हे वेगळंच कौशल्य आहे. सायन हॉस्पिटलात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दूध पेढी सुरू केली. कमी दिवसांच्या बाळांसाठी आईचं दूध किती मोलाचं हे या शहराला तेव्हापासून माहीत आहे. ज्यांना या कामाची गोडी लागते त्यांच्यासाठी लॅक्टेशन समुपदेशन ही स्वतंत्र वाट होऊ शकते.

मग एएनसी ओपीडी, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीचा विभाग. इथे कंटाळा येतो, कारण वजन, बीपी, हिमोग्लोबिन, कार्ड असं दिवसभर चालतं. पण लेबर रूममधली निम्मी संकटं इथे आधी दिसतात. १४०/९० च्या वरचं बीपी, सातच्या खालचं हिमोग्लोबिन, ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० किंवा त्याहून जास्त शुगर: अशी बाई रांगेतून बाजूला काढून डॉक्टरांसमोर बसवणं हे सिस्टरच्या नजरेवर अवलंबून असतं. पोट तपासायला इथेच शिका. डोकं कुठे, पाठ कोणत्या बाजूला, बाळ आडवं तर नाही ना, हे सोनोग्राफीचा रिपोर्ट उघडण्याआधी हाताने ठरवा आणि मग रिपोर्टशी ताडून पाहा. यासारखा शिक्षक नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, त्या दिवशी जोखमीच्या बायका एकाच छताखाली दिसतात. ती ड्यूटी टाळू नका.

लेबर रूम: डोळे, हात आणि पार्टोग्राफ

इथे पहिले तीन महिने शक्यतो एकाच सीनियर सिस्टरच्या मागे राहा. कामाची पद्धत हॉस्पिटलागणिक थोडी बदलते, पण काही गोष्टी सगळीकडे तशाच.

पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते आहे ते नोंदवायचा तक्ता, भरायचा तो बाई कळा देत असताना, प्रसूतीनंतर आठवून नव्हे. हे वाक्य मी भिंतीवर लिहून लावलं होतं. आपल्याकडे वापरात असलेल्या तक्त्यात गर्भाशयाचं तोंड ४ सेंटिमीटर उघडलं की नोंद सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या नव्या 'लेबर केअर गाईड'मध्ये ही सुरुवात ५ सेंटिमीटरवर आणली आहे. तुमच्या युनिटमध्ये कोणता तक्ता चालतो ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने, कळ ओसरल्याबरोबर पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. ११० ते १६० मध्ये असले तर ठीक. बाई जोर देऊ लागली की दर पाच मिनिटांनी. आतून तपासणी साधारण चार तासांनी. ज्याला त्याला तपासायला देऊ नका. दर वेळी हात घालण्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि त्या बाईच्या मनावर जे होतं ते कुठल्याच तक्त्यात भरलं जात नाही.

बाळ बाहेर आलं की पहिल्या मिनिटात गर्भपिशवी आवळून धरणारं ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. त्यासाठी इंजेक्शन आधीच भरून ठेवलेलं असावं, आणि ती अँप्यूल फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवलेली असावी. टेबलावर उन्हाळाभर पडलेलं ऑक्सिटोसिन ऐन वेळी दगा देतं. पोटावर दाब देऊन बाळ ढकलणं अजूनही काही ठिकाणी चालतं. ते करू नका, कोणी सांगितलं तरी.

आता माझी एक चूक सांगते. दुसऱ्या वर्षाची नोकरी, नाईट ड्यूटी. एक पंचविशीची बाई, नॉर्मल बाळंतपण, सगळं छान. मी पॅड पाहिलं, 'ब्लीडिंग नॉर्मल' लिहिलं आणि दुसऱ्या टेबलाकडे वळले. बीपी नीट होतं. अर्ध्या तासाने सीनियर सिस्टर फेरीला आल्या. त्यांनी नाडी धरली, माझ्याकडे पाहिलं आणि बाईच्या अंगाखालची चादर बाजूला केली. रक्त पाठीखाली साचत गेलेलं, गादीत मुरलेलं. नाडी १२८. पुढचा तासभर आम्ही गर्भपिशवी चोळत, दोन सुया लावत, रक्त आणायला धावत काढला. ती वाचली. मी आठवडाभर नीट झोपले नाही.

त्या रात्रीपासून दोन गोष्टी अंगवळणी पडल्या. एक, तरुण, धट्ट्याकट्ट्या बाईचं बीपी फार उशिरा पडतं, नाडी आधी पळते. दुसरी, रक्ताचा अंदाज डोळ्याने करायचा नाही. मोजमापाच्या रेघा असलेली पिशवी बाईच्या खाली लावा, ती नसेल तर पॅड आणि कपडे तोला: एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. मोजपिशवी वापरून रक्तस्राव नेमका कळतो हे दाखवणारा महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारच्या बेळगावातला आहे. नॉर्मल प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर ही धोक्याची रेघ, पण तिथे पोहोचण्याची वाट पाहू नका.

संकटाची तालीम

संकट आल्यावर शिकता येत नाही. ड्यूटी शांत असेल तेव्हा मावशींसकट सगळ्यांनी मिळून तालीम करा: कोण हाक मारणार, कोण गर्भपिशवी चोळणार, कोण औषध देणार, कोण वेळ लिहिणार. चार गोष्टी हातात पक्क्या हव्यात.

रक्तस्राव. वर लिहिलंच आहे. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत द्यायचं असतं, म्हणून प्रसूतीची वेळ ठळक लिहून ठेवा.

झटके. मॅग्नेशियम सल्फेट जीव वाचवतं, जास्त झालं तर जीवावरही बेततं. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतोय का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होतेय का, हे तीन तपासायचेच. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये असलंच पाहिजे.

खांदा अडकणं. डोकं आलं आणि पुढे काही येत नाही. त्या क्षणी बाईच्या दोन्ही मांड्या पोटाकडे घट्ट वाकवायच्या, एकीने ओटीपोटावर, जघनाच्या हाडाच्या वर, दाब द्यायचा. बेंबीकडून खाली ढकलायचं नाही.

न रडणारं बाळ. पुसणं, ऊब, मान नीट ठेवणं, पाठीवर हलकं चोळणं. तरी श्वास नाही तर पहिलं मिनिट संपायच्या आत बॅग आणि मास्कने श्वास द्यायला सुरुवात. यासाठी सरकारचं नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचं छोटं प्रशिक्षण आहे, ते मागून करा. तसंच २१ दिवसांचं एसबीए, म्हणजे कुशल प्रसूती सहाय्यकाचं, प्रशिक्षण. २०१७ अखेर सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमामुळे सरकारी लेबर रूममध्ये अशा तालमी आणि तपासण्या होऊ लागल्या. खासगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फॉग्सी' या संघटनेचा 'मान्यता' कार्यक्रम आहे. नोकरी शोधताना यापैकी काही असलेलं ठिकाण निवडलंत तर शिकणं आपोआप घडतं.

गायनॅक म्हणजे फक्त बाळंतपण नव्हे

बहुतेक मुली 'ऑब्स'च्या, म्हणजे बाळंतपणाच्या, ओढीने येतात आणि गायनॅक वॉर्डाला सावत्र समजतात. मला हे पटत नाही. पिशवी काढलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी उभं करणं, गर्भपातानंतर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मुलीशी बोलणं, बेचाळिशीत अंगावरून जातंय हे नवऱ्यालाही न सांगितलेल्या बाईकडून ते काढून घेणं, हे काम शांत पण खोल आहे.

या बाजूला मुंबईचा इतिहासही मोठा. गर्भाशयाच्या तोंडाला घालायचा 'शिरोडकर टाका' जगभर ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते डॉ. विठ्ठल शिरोडकर इथलेच. १९८६ च्या ऑगस्टमध्ये केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. आज वंध्यत्व केंद्रांमध्ये इंजेक्शनांचं वेळापत्रक, समुपदेशन, ओपीयूच्या, म्हणजे स्त्रीबीज काढण्याच्या, दिवसाची तयारी सांभाळणाऱ्या नर्सेसची गरज वाढते आहे.

आणि एक उदाहरण मी प्रत्येक तुकडीला सांगते. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. थोडक्या प्रशिक्षणाने तयार झालेल्या आरोग्य कार्यकर्त्या गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासत होत्या. ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ही व्हीआयए तपासणी नर्स शिकू शकते. गायनॅक ओपीडीत असाल तर नक्की शिका.

आता कोर्स

दोन वर्षं हात बसला की पुढचं ठरवा. मुख्य वाटा दोन, आणि त्या वेगवेगळ्या दिशेने जातात.

एम.एस्सी. नर्सिंगमध्ये 'प्रसूती व स्त्रीरोग नर्सिंग' हा स्वतंत्र विषय आहे. कोर्स दोन वर्षांचा. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकला ५५ टक्के आणि किमान एक वर्षाचा अनुभव ही मूळ अट. प्रबंध लिहावा लागतो. यानंतर बहुतेक जणी पाठ्यनिर्देशिका, प्राध्यापिका किंवा हॉस्पिटलात नर्स एज्युकेटर होतात. शिकवण्याची आवड असेल तर उत्तम. पण लेबर रूम सुटेल अशी भीती वाटत असेल तर ती खरी आहे, हे आधीच लक्षात घ्या.

दुसरी वाट 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी'. केंद्र सरकारने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमधून हा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेली आणि प्रसूती करण्याचा दोन वर्षांचा अनुभव असलेली नर्स यासाठी पात्र. यातून तयार झालेल्या मिडवाईफने नॉर्मल बाळंतपणं स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळावीत, गुंतागुंत दिसली की डॉक्टरांना बोलवावं, अशी कल्पना. भर सरकारी सेवेतल्या नर्सेसवर आहे, त्यामुळे सेवेत असाल तर कार्यालयात विचारत राहा. मला ही वाट जास्त जवळची वाटते, कारण ती बाईच्या उशाशीच राहते.

बाळाकडे मन ओढत असेल तर निओनेटल नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. कोणताही कोर्स घेताना संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते आधी तपासा. २०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग कायद्याने १९४७ चा जुना कायदा बदलायचं ठरवलं आहे, तेव्हा नियमांवर लक्ष ठेवा. नोंदणीचं पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठीचे सीएनईचे (सेवेत असतानाच्या नर्सिंग शिक्षणाचे) तास आठवणीने पूर्ण करा.

अनुभवाचं पत्र घेताना त्यात 'स्टाफ नर्स' एवढंच नको. प्रसूती कक्षात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, असं लिहून घ्या. स्वतःची एक वहीही ठेवा: बाईचं नाव नाही, फक्त तारीख, काय पाहिलं, काय केलं, काय चुकलं. मुलाखतीत याच वहीने मला साथ दिली. परदेशी जाण्याचा विचार असेल तर हे अधिकच लागेल. ब्रिटनमध्ये नर्स आणि मिडवाईफ यांची नोंदणी वेगळी, आपल्या दुहेरी नोंदणीने तिथे आपोआप मिडवाईफ होता येत नाही. अमेरिकेत प्रसूती विभागातल्या नर्ससाठीच्या 'आरएनसी-ओबी' प्रमाणपत्राला २४ महिने आणि २००० तासांचा अनुभव मागतात, आणि मिडवाईफ व्हायला पदव्युत्तर शिक्षण.

कायदा आणि जीभ

या शाखेत तीन कायदे तोंडपाठ हवेत. गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा: सोनोग्राफीच्या खोलीत 'पेढे की जिलेबी' असं हसत विचारणाऱ्या सासूबाईंना नजरेनेही उत्तर द्यायचं नाही. गर्भपाताचा १९७१ चा कायदा आणि २०२१ ची दुरुस्ती: काही ठरावीक परिस्थितीत मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत गेली, आणि त्या बाईचं नाव गुप्त राहिलंच पाहिजे. आणि पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा: अठराच्या आतली मुलगी गरोदर असेल तर कळवणं बंधनकारक. लग्न झालंय असं घरच्यांनी सांगितलं तरी. अशा वेळी मुलीशी एकटीशी, हळू आवाजात बोला.

जिभेबद्दल थोडं जास्त लिहिते. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणं, 'तेव्हा नाही का कळलं' असलं बोलणं आपल्या लेबर रूम्समध्ये मी ऐकलेलं आहे. थकव्यातून येतं हे खरं, पण ते ऐकणारी बाई ते जन्मभर विसरत नाही. गोवंडीहून, धारावीहून येणाऱ्या कित्येकींना मराठी येत नाही. भोजपुरी, बंगाली, उर्दूमधली चार वाक्यं शिका: घाबरू नका, मी इथेच आहे, आता जोर द्या, आता नुसता श्वास घ्या. जमेल तिथे सोबतीला घरची एक बाई राहू द्या. केंद्र सरकारनेच प्रसूतीवेळी सोबतीण असावी असं सांगितलेलं आहे.

आणि जिथे बाळ रडत नाही, तिथे काय बोलायचं? 'दुसरं होईल' म्हणू नका. तिने मागितलं तर बाळ स्वच्छ कपड्यात गुंडाळून तिच्या हातात द्या, घाई करू नका. शक्य असेल तर तिचा पलंग इतर बाळंतिणींपासून दूर लावा. ड्यूटी संपल्यावर तुम्हीही कुणाशी तरी बोला. आम्ही चौघी पहिल्या लोकलच्या बाकावर बसून एकमेकींशी बोलायचो, बदलापूर येईपर्यंत.

लेबर रूमचा पहिला दिवस

सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ बरोबर घ्या, मोबाईलवर भिस्त नको. नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या घरी, खिशात दोन पेन, एक छोटी वही आणि थोडं खाणं. हँडओव्हरच्या अर्धा तास आधी पोहोचा. आल्याआल्या फ्रीज उघडून ऑक्सिटोसिन मोजा, इमर्जन्सी ट्रेवरच्या तारखा वाचा, वॉर्मर सुरू करा. मग बाळाची बॅग आणि मास्क हातात घ्या, मास्क तळहातावर घट्ट दाबा आणि बॅग पिळा. तळहाताला हवेचा दाब जाणवला पाहिजे. नाही जाणवला तर दुसरी बॅग आणा, आणि मगच आदल्या शिफ्टच्या सिस्टरकडून टेबलावरच्या बाईचा ताबा घ्या.